अडलेल्या इंग्रजी शब्दाचा अर्थ कसा काढायचा

पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये मी निर्यातीची कागदपत्रं बघते. जानेवारीत हंगाम सुरू झाला की बागायतदार मोबाइल पुढे धरतात, "ताई, हे काय लिहिलंय ते बघा बरं." दरवेळी मी असणार नाही, म्हणून माझी पद्धत इथे लिहून ठेवते.

शब्द एकटा उचलून ॲपमध्ये टाकू नका. अख्खं वाक्य वाचा आणि ते कुठल्या धंद्यातलं आहे ते आधी ठरवा. मालाच्या तपासणीत 'ब्लूम' हा शब्द येतो. शाळेत शिकलेला अर्थ फुलणं. पण घड क्रेटमध्ये भरले, आता फुलणार काय? इथे ब्लूम म्हणजे मण्यावरचा तो पांढरट, बोट लावलं की पुसला जाणारा नैसर्गिक मेणाचा थर. खरेदीदार तो बघतो, कारण थर शाबूत म्हणजे माल फार हाताळलेला नाही.

मग शब्द वाक्यात काय काम करतोय ते बघा. वायनरीच्या कागदावर 'द मस्ट वॉज चिल्ड' असं वाक्य आलं तर 'पाहिजेच'वाला मस्ट तिथे बसतच नाही. आधी 'द' आहे, पुढे 'वॉज' आहे, म्हणजे हे नाम. कोशात नामाची नोंद उघडा: वाइनसाठी चिरडलेल्या द्राक्षांचा रस. त्याच धंद्यात 'व्हिंटेज' म्हणजे जुनंपुराणं नव्हे, त्या त्या वर्षीचा द्राक्षतोडा. आणि 'ड्राय' वाइन ओलीच असते, फक्त गोड नसते.

काही शब्द तर दोन तोंडांचे. बँकेच्या पत्रात कर्ज 'सँक्शन' झालं की पेढे वाटायचे. बातमीत एखाद्या देशावर 'सँक्शन्स' लागले की तिथला व्यापार अडतो. मुलाच्या प्रगतिपुस्तकात 'आउटस्टँडिंग' आलं तर कौतुक, औषधवाल्याच्या बिलावर आलं तर उधारी. 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेख, आणि नजरचूकसुद्धा. अशा ठिकाणी कोशातल्या पहिल्या अर्थावर थांबायचं नाही. खालपर्यंत जायचं आणि जो अर्थ वाक्यात घातल्यावर पुढचं-मागचं जुळतं तोच घ्यायचा.

पटण्यासारख्या अंदाजापासून जास्त सांभाळा. द्राक्षावरच्या 'डावणी' रोगाचंच घ्या. मूळ नाव डाउनी मिल्ड्यू. बुरशी पानाच्या खालच्या बाजूला दिसते, म्हणून 'डाउन' म्हणजे खाली, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण हा डाउन वेगळा. पिल्लाच्या अंगावर असते तसली मऊ लव म्हणजे डाउन, आणि पानाखाली दिसते ती तशीच पांढरी लव. दोन शब्दांचं स्पेलिंग एकच, म्हणून कोशात दोन्ही नोंदी बघाव्या लागतात.

अगदी अनोळखी, लांबलचक शब्द मला उलट सोपे वाटतात, कारण ते फोडता येतात. 'ॲम्पेलोग्राफी' बघून घाबरायला होतं, पण ग्रीक 'ॲम्पेलोस' म्हणजे द्राक्षवेल हे कळलं की झालं: पानं-घड बघून वेलीची जात ओळखण्याचं शास्त्र. मात्र मूळ सापडलं म्हणजे आजचा अर्थ सापडला असं नाही. 'नाइस' ज्या लॅटिन शब्दातून आला त्याचा अर्थ अडाणी.

आता कोश कुठला? रोजच्या शब्दांना इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश बरा. लाँगमनच्या अशा कोशात अर्थ साधारण २००० सोप्या शब्दांतच सांगितलेले असतात. शेतीच्या, कायद्याच्या शब्दांना भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश. उलट्या दिशेने, म्हणजे मराठीतून इंग्रजीत जायचं तर मोल्सवर्थ. पहिली आवृत्ती १८३१ची, पण गावाकडच्या शब्दांना अजून चालतो. नाशकात कामाला गेलात तर १८४० पासूनच्या सार्वजनिक वाचनालयातही डोकावा.

कोशाआधी कधी कधी बांधावर विचारलेलं बरं. 'व्हेरेझाँ' म्हणजे मणी मऊ पडून रंग-साखर भरायला लागण्याची अवस्था. एवढं लांबण लावायची गरज नाही, आपल्याकडे सगळे म्हणतात 'मण्यात पाणी उतरलं'. वहीत तेच लिहा, आणि शेजारी ते पूर्ण इंग्रजी वाक्य. नुसत्या शब्दांच्या याद्या पाठ करणाऱ्यांचं मला काही खरं वाटत नाही.

शब्दाशेजारची बारीक अक्षरंही वाचा. 'आर्केइक' लिहिलं असेल तर शब्द वापरातून गेलेला, 'इन्फॉर्मल' असेल तर गप्पांपुरता. 'प्रीपोन'पुढे 'इंडियन इंग्लिश' अशी खूण असते. पुण्या-मुंबईच्या ऑफिसला खुशाल लिहा, पण रॉटरडॅमच्या खरेदीदाराला कंटेनरची तारीख अलीकडे आणायला सांगताना 'ब्रिंग फॉरवर्ड' लिहा, आणि नवी तारीख आकड्यात टाका.