वूफरचा आवाज मध्येच जातो, खरखरतो: माझा अनुभव

आठ इंची, 8 ओमचा वूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर. हळू आवाजात गप्प, आवाज वाढवला की खरखरत सुरू, पुन्हा बंद. वायर बदलली, अँप्लिफायरचं दुसरं चॅनल लावलं, टर्मिनल घासली. फरक शून्य, नुसता वैताग.

छडा मल्टिमीटरने लागला. स्पीकर अँप्लिफायरपासून सोडवून मीटर ओमवर (विद्युतरोध मोजण्यावर) ठेवला आणि कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा कागदी पडदा, चारी बाजूंनी सारखा, हलकेच दाबला. एरवी 6.5 ओम (8 ओमच्या स्पीकरला हे बरोबरच), दाबताच सर्किट ओपन, म्हणजे जोड तुटलेला. मग मीटरची टोकं कोनवर वायरी जोडलेल्या सोल्डरच्या दोन डागांवर टेकवली: दाबूनही रीडिंग स्थिर. म्हणजे कोनमागची तारेची कॉइल शाबूत, दोष टर्मिनलपासून कोनपर्यंतच्या लवचिक वायरीत.

चुंबकाच्या फटीतली कॉइल प्रवाहाची दिशा बदलेल तशी पुढे-मागे सरकते आणि कोनला हलवते. 100 हर्ट्झच्या सुरात सेकंदाला 100 वेळा. तितक्यांदा ही वायरही वाकते. तांब्याचे पातळ पदर तुटतात, आतला धागा मात्र शाबूत राहतो, म्हणून वायर धडधाकट दिसते.

आधी जुन्या वायरीची लांबी मोजली. टर्मिनलकडचा डाग सोडवला, मग कोनवरचा. कोन कागदी, म्हणून सोल्डरिंग आयर्न क्षणभरच टेकवायचं. स्पीकरसाठी मिळते तीच विणलेली वायर तेवढ्याच लांबीची घेतली. साधी वायर लावू नका, लवकर तुटते. डाग आधी कोनकडे, मग टर्मिनलकडे. कोन पूर्ण पुढे आला तरी वायर ताणली जाऊ नये, मागे गेला तर कोनला घासू नये. दुसरी वायरही लगेच बदलली. कोन दाबून रीडिंग पुन्हा पाहिलं, मगच अँप्लिफायर जोडला.