वेगवान ग्रीनवर कप कुठे कापायचा?

गोल्फ क्लबच्या स्पर्धेला ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, कपाची (चेंडू घालायच्या भोकाची) जागा मी ठरवतो, त्यामुळे शिव्याही माझ्याच वाट्याला येतात. असो.

आधी ग्रीनचा वेग, म्हणजे तिच्यावर चेंडू किती लांब घरंगळतो ते, स्टिम्पमीटरने मोजा. स्टिम्पमीटर म्हणजे ३६ इंचांची, खाच असलेली पट्टी. ग्रीनवरची सपाट जागा बघून पट्टीवरून तीन चेंडू एका दिशेने सोडा, मग तेच उलट दिशेने, आणि ते किती लांब गेले त्याची सरासरी काढा. ९ फूट आले तर बऱ्यापैकी उतार खपतो. १२ आले की तोच उतार जीवघेणा, कारण खाली निघालेला चेंडू थांबतच नाही. अशा वेळी कपाभोवतीच्या तीन फुटांत मी दोन टक्क्यांहून जास्त उतार घेत नाही. डिजिटल लेव्हल चारी बाजूंना टेकवून बघायची.

खरी परीक्षा पुढे. वरच्या बाजूने हलका पट (ग्रीनवरचा घरंगळता फटका) मारा आणि मुद्दाम चुकवा. चेंडू दोन-तीन फुटांत थांबला तर जागा पास. घरंगळत ग्रीनबाहेर गेला तर कप हलवा. ‘चांगला खेळाडू असेल तर घालेल’ म्हणणारे भेटतातच, त्यांचं ऐकू नका. उंचवटे मात्र खुशाल ठेवा, लांबच्या पटला मजा त्यांचीच.

ऊन-वाऱ्याचा हिशोब सकाळीच करा. २००४च्या यूएस ओपनमध्ये शेवटच्या दिवशी शिनेकॉक हिल्स मैदानाचं सातवं ग्रीन इतकं वाळलं, की खेळ चालू असताना मधूनमधून पाणी मारावं लागलं. वारा सुटणार असेल तर मी कप आणखी सपाटीला घेतो, पण ग्रीनच्या कडेपासून निदान चार पावलं आतच.