लिंक विनाकारण तुंबते, ट्रेसरूटमध्ये (पॅकेट कुठल्या राउटरांतून जातं ते दाखवणारी कमांड) दोनच पत्ते आलटूनपालटून: माझा अनुभव

लक्षण: पणजी ऑफिस आणि म्हापसा शाखेमधली लिंक रात्री कोणी नसतानाही भरलेली. पिंग केलं की ‘टीटीएल संपला’ (टीटीएल म्हणजे पॅकेट किती राउटर ओलांडू शकतं त्याची मर्यादा; प्रत्येक राउटर ती एकने कमी करतो).

केबल बदलली, राउटर रीस्टार्ट केला, फर्मवेअर चढवलं. पावसाळ्यात गोव्यात सगळ्याचं खापर पावसावर फुटतं, तसं फोडूनही झालं, डोकं पिकलं.

खरी गोम अशी. पणजीच्या राउटरला एवढंच ठाऊक, की १०.२०.०.०/१६ (१०.२० ने सुरू होणारे सगळे पत्ते) म्हणजे म्हापसा. म्हापशाला आपले तीनच /२४ (त्यातले २५६ पत्त्यांचे छोटे गट) माहीत; बाकी सगळं डिफॉल्ट रूटने (दुसरा रस्ता ठाऊक नसला की वापरायचा) पणजीला. काढून टाकलेल्या १०.२०.७७.० मधले जुने कॅमेरे पणजीचा रेकॉर्डर अजून शोधत होता. ती पॅकेट्स दोन राउटरांमध्ये चेंडूसारखी टोलवली जात; यालाच लूप म्हणतात. लिनक्सचा टीटीएल सहसा ६४, म्हणजे एक पॅकेट साठेक वेळा तीच लिंक खातं.

उपाय, याच क्रमाने:

आधी त्या जुन्या कॅमेऱ्याच्या पत्त्यावर ट्रेसरूट. तेच दोन राउटर आलटूनपालटून दिसले तर लूप नक्की. मग म्हापशाच्या राउटरवर (पणजीच्या नव्हे!) तिन्ही /२४ रूटिंग टेबलमध्ये आहेत ना ते पाहा. त्यानंतर तिथेच पूर्ण १०.२०.०.०/१६ साठी ‘अनरीचेबल’ प्रकारचा रूट घाला. ‘ब्लॅकहोल’ही चालतो, पण तो पॅकेट मुकाट्याने गिळतो, ‘अनरीचेबल’ पाठवणाऱ्याला कळवतो. राउटर जास्त नेमका रूट निवडतो आणि /२४ हे /१६ पेक्षा नेमके, त्यामुळे चालू ट्रॅफिकला धक्का लागत नाही. कॉन्फिगरेशन सेव्ह करा, पुन्हा ट्रेसरूट: आता तो म्हापशालाच थांबायला हवा.

रेकॉर्डरमधल्या जुन्या नोंदी शेवटी काढा. आधी काढल्या तर लक्षण जाईल, लूप तसाच राहील.