डोळ्यातल्या पाण्याची पीसीआर: नमुना वाया जाऊ नये म्हणून

विषाणूजन्य युव्हिआयटिसचा (डोळ्याच्या आतल्या थराचा दाह) संशय असेल तर कॉर्नियामागच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यामागच्या) कप्प्यातलं पाणी पीसीआरने तपासतात, म्हणजे त्यातल्या विषाणूच्या डीएनएच्या असंख्य प्रती करून तो ओळखतात. विषाणू हर्पिस सिम्प्लेक्सचा की सायटोमेगॅलोचा, हे कळणं गरजेचं. सायटोमेगॅलोवर असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध फारसं चालत नाही, गॅन्सिक्लोव्हिर लागतं.

नेत्रतज्ज्ञाने बधिरतेचे थेंब आणि ५ टक्के पोविडोन आयोडीन घालावं, नंतर सलाइनने नीट धुवावं. नमुन्यात उतरलेलं आयोडीन पीसीआर अडवू शकतं. ३० गेजची (अगदी बारीक) सुई आयरिसला (डोळ्यातल्या रंगीत पडद्याला) समांतर ठेवून साधारण ०.१ मिली पाणी घ्यावं. टोक भिंगाकडे वळलं तर मोतीबिंदूला आमंत्रण. नळी लगेच बर्फावर. तपासणी लांबणार असेल तर उणे ८० अंशांवर.

नमुना एवढासाच, म्हणून कोणते विषाणू शोधायचे ते आधीच ठरवा. पीसीआर यंत्रात ९५ आणि ६० अंशांची ४० आवर्तनं (तापवण्या-थंडावण्याचे फेरे) पुरतात. तपासणीच्या प्रत्येक फेरीत पॉझिटिव्ह कंट्रोल (विषाणूचा डीएनए नक्की असलेली नळी), नुसत्या शुद्ध पाण्याचा कंट्रोल (रुग्णाचा नमुना नसलेली नळी) आणि मानवी जनुकाचा अंतर्गत कंट्रोल (रुग्णाच्याच नमुन्यात तपासणी चालली का ते दाखवणारा) हवाच. अंतर्गत कंट्रोल उमटला नाही तर ‘निगेटिव्ह’ला काडीची किंमत नाही, नमुन्यातलं काहीतरी पीसीआर अडवत असू शकतं: डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावा. पाण्याचा कंट्रोल उमटला तर दूषितीकरण झालंय. अख्खी फेरी रद्द. ३८व्या आवर्तनाच्या आसपास उमटलेल्या सिग्नलवर एकदम विश्वास नको, तपासणी पुन्हा करा.