बिनपगारी बाळंतपणाची रजा: पैशांचं गणित असं जुळवलं

नवी नोकरी लागून थोडेच महिने झाले होते. पगारी रजेसाठी लागणारा सेवाकाळ भरत नव्हता, म्हणून रजा मिळाली ती बिनपगारी. (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या करारात किमान १४ आठवड्यांची रजा आहे. पण करारातल्या ओळींवर घरभाडं भागत नाही.)

आधी पगाराची स्लिप काढून कपातीची बाजू वाचली. खरी गोम तिथेच असते. आरोग्य विम्याचा हप्ता पगारातूनच कापला जायचा. पगारच नाही तर कापणार कशातून? आणि विमा बंद पडला असता तो नेमका बाळंतपणात. रजेत हप्ता मी दरमहा थेट बँकेतून भरणार आणि पॉलिसी चालू राहणार, हे एचआरकडून ईमेलवर लेखी घेतलं. तोंडी ‘होऊन जाईल हो’वर विसंबले नाही.

मग सातव्या महिन्यापासून घर फक्त नवऱ्याच्या पगारावर चालवलं. माझा पगार आला की थेट वेगळ्या खात्यात. या रंगीत तालमीत एक गोष्ट लगेच दिसली: कर्जाचा हप्ता महिन्याच्या सुरुवातीला जायचा आणि त्याचा पगार नंतर यायचा. बँकेत अर्ज देऊन तारीख पुढे ढकलून घेतली. दरमहाची गुंतवणूक तात्पुरती थांबवली.

साठलेली पगारी सुट्टी मात्र रजेच्या शेवटाला ठेवली, हात सगळ्यात आखडलेला असताना पगार यावा म्हणून. काही ठिकाणी ती आधीच संपवावी लागते, तेव्हा अर्ज करण्यापूर्वी विचारा.