ब्रश, नेलकटर दिसला की कुत्रा चावायला येतो? मग हे करून बघा

ब्रश करताना चावणारा कुत्रा खुनशी नसतो हो, तो घाबरलेला असतो नाहीतर त्याचं कुठेतरी दुखत असतं. त्यामुळे आजवर शांत असलेला कुत्रा अचानक अंगावर यायला लागला तर बाकी सगळं नंतर, आधी व्हेटकडे न्या. कानाचं इन्फेक्शन असेल, सांधे दुखत असतील, केसांच्या गुंत्याखाली कातडी लाल झाली असेल. आणि पाऊस सरल्यावर पुण्यात तळजाईला किंवा वेताळ टेकडीवर फिरवत असाल तर पंजे रोज बघाच, बोटांच्या मधे कुसळं घुसून बसतात आणि तिथे हात लावला की भलाभला गरीब कुत्रापण दात दाखवतो.

दुखणं नाहीये हे नक्की झालं की मग सवय लावायची. ब्रश नुसता दाखवायचा, लगेच उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा बारीक तुकडा द्यायचा, ब्रश लपवला की खाऊ बंद. क्रम उलटा करू नका, आधी खाऊ दाखवून मग ब्रश काढलात तर तो खाऊलाच बिचकायला लागेल. ब्रश बघून शेपटी हलायला लागली की पाठीवर एकदाच फिरवायचा आणि तिथेच थांबायचं.

नखांना सगळ्यात जास्त वेळ लागतो. आधी खांद्यावर हात, मग हळूहळू पायावरून खाली, मग पंजा हातात, मग एक नख हलकं दाबून सोडायचं, आणि प्रत्येक पायरीला खाऊ. नेलकटरच्या आवाजाला घाबरत असेल तर त्याच्यासमोर काडेपेटीतल्या काड्या कापा आणि खाऊ द्या, मग कधीतरी एक नख, फक्त टोक. काळ्या नखात आतली रक्ताची शीर दिसत नाही म्हणून अगदी थोडं थोडंच कापायचं, रक्त आलंच तर कॉर्नफ्लोर दाबून धरा.

अंग ताठ झालं, जीभ ओठांवरून फिरायला लागली, झोप नसताना जांभया, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला, की थांबा आणि मागच्या पायरीवर जा. गुरगुरला म्हणून ओरडू नका प्लीज, मार तर नकोच, गुरगुरणं बंद पाडलं की तो पुढच्या वेळी न सांगता चावतो.

तोवर सेफ्टीसाठी जाळीचा मझल, म्हणजे तोंडाला लावायचं मुसकं, चालेल, त्यात दही लावून आधी सवय करा. तोंड आवळणारा कापडी नको, कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो, एप्रिल-मेच्या उन्हात ते जिवावर बेतू शकतं.

गुंता असेल तर अंघोळीआधी सोडवा, ओला झाला की अजून घट्ट होतो, आणि केस मुळाशी धरून विंचरा म्हणजे कातडी ओढली जात नाही. झोपेचं औषध स्वतःच्या मनाने देऊ नका, ते व्हेटच ठरवतील. तरी चावलाच आणि रक्त आलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, घरचा कुत्रा असला तरी.