अर्धशिशीसाठी अमेरिकेत अपंगत्व लाभ: दावा नेमका कुठे अडतो

अमेरिकेत नोकरी करून सोशल सिक्युरिटी या सरकारी सामाजिक विमा योजनेचा कर भरलेल्या व्यक्तीला दीर्घकालीन मायग्रेनमुळे (अर्धशिशीमुळे) किमान १२ महिने काम करणे अशक्य झाले, किंवा तसे होण्याची शक्यता असली, तर अपंगत्व लाभ मागता येतो. मी आधी स्वतःचा अर्ज केला आणि नंतर ओळखीच्या अनेक मराठी कुटुंबांचे अर्ज भरून दिले. अर्ज ऑनलाइन भरता येतो. त्यासाठी साधारणपणे ४० वर्क क्रेडिट (कर भरलेल्या कमाईवर मिळणारे गुण) लागतात, त्यांपैकी २० शेवटच्या १० वर्षांतली हवीत, आणि वय कमी असल्यास कमी चालतात. जोडीदाराच्या व्हिसावर राहून कधीच नोकरी न केलेल्या व्यक्तीला स्वतःच्या खात्यावर हा दावा करता येत नाही.

खरी अडचण पुढे आहे. ‘न्यूरॉलॉजिस्टचे निदान जोडा, काम होईल’ हा सल्ला मी वारंवार ऐकला आहे आणि तो चुकीचा आहे. सोशल सिक्युरिटीच्या आजारांच्या यादीत मायग्रेन नाही. २०१९च्या १९-४पी या नियमानुसार नुसते निदान किंवा नुसती रुग्णाची तक्रार पुरत नाही. डॉक्टरांनी तपासून इतर कारणे वगळलेली असावीत, उपचारांचा परिणाम नोंदवलेला असावा आणि झटका प्रत्यक्ष पाहून त्याचे सविस्तर वर्णन केलेले असावे, असे पुरावे तिथे पाहिले जातात.

मी अडकले ती याच शेवटच्या मुद्द्यावर. झटका आला की मी भेट रद्द करीत असे आणि डोके शांत असलेल्या दिवशी दवाखान्यात जात असे, त्यामुळे दोन वर्षांच्या नोंदींमध्ये ‘रुग्ण स्वस्थ दिसते’ एवढेच वारंवार लिहिले गेले आणि माझा पहिला अर्ज फेटाळला गेला. म्हणून मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते की निदान एकदा तरी झटका चालू असतानाच कोणाला तरी गाडी चालवायला सांगून दवाखाना गाठा. चेहरा पांढरा पडणे, तोल जाणे, मान आखडणे, अंधाऱ्या खोलीत बसवावे लागणे, यातले डॉक्टरांना जे दिसले ते त्याच दिवशीच्या नोंदीत आले पाहिजे. ते जमलेच नाही तर घरातल्या माणसाने पाहिलेला झटका चालू शकतो, मात्र त्याने तो डॉक्टरांना सांगून त्यांच्या नोंदीत लिहवून घ्यायला हवा. नवऱ्याने स्वतंत्र पत्र लिहून पाठवणे हे त्याची जागा घेत नाही.

दुसरी बाब रोजनिशीची. ‘बऱ्याचदा दुखते’ या शब्दांना किंमत नाही. तारीख, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, घेतलेले औषध, त्याचा परिणाम आणि नंतरची ग्लानी किती तास टिकली, हे सगळे लिहा आणि प्रत्येक भेटीत त्याची प्रत फाइलला लावा. मायग्रेन यादीत नसल्याने त्याची तुलना बहुधा त्याच यादीतल्या अपस्माराच्या (फिट येण्याच्या आजाराच्या) ११.०२ या निकषाशी केली जाते, ज्याच्या एका भागात उपचार नियमित घेऊनही सलग ३ महिने आठवड्यातून किमान एकदा झटका येणे अपेक्षित आहे. औषधे चुकवलेली असतील तर दावा तिथेच लंगडा पडतो.

तो निकष पुरा झाला नाही तरी दावा संपत नाही. मग तुम्ही कामावर किती टिकाल हे पाहिले जाते. त्यासाठी डॉक्टरांकडून ‘रुग्ण अपंग आहे’ असे प्रमाणपत्र आणू नका, कारण तो निर्णय सोशल सिक्युरिटीचा असतो आणि अशा वाक्याला वजन दिले जात नाही. महिन्यात किती दिवस गैरहजेरी होईल आणि किती वेळा मध्येच पडून राहावे लागेल, हे कारणांसह लिहून आणा.

अर्ज फेटाळला गेला तर नवा अर्ज करू नका. ६० दिवसांत अपील करा. आधी फेरविचार होतो, मग न्यायाधीशापुढे सुनावणी. सुनावणीच्या किमान ५ कामकाजाचे दिवस आधी सगळी कागदपत्रे पोहोचवा किंवा येणे बाकी असलेल्यांची लेखी माहिती द्या, आणि झटक्याच्या दिवशीची ती नोंद त्यांत सर्वांत वर ठेवा.